चार बोटांवरची जागा

बुडबुडेताई हे नाव ऐकून कामावर आलेली नवी माणसं हसायची, आणि आठवडाभरात हसायची बंद व्हायची. टाकीशी उभं राहून तिचं काम एकदा पाहिलं की हसू आपोआप गळून जायचं. सव्वीस वर्षं ती एकच काम करत होती. भाजलेल्या मातीच्या नळ्या स्पिरिटात बुडवायच्या आणि पहिला बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा म्हणावं एकदा, डोळ्यांत पाणी येईल.

त्या नळ्या कशासाठी होत्या हे सांगितल्याशिवाय ताईचं काम कळायचं नाही, तेव्हा ते आधी उरकून टाकलेलं बरं. हायड्रोजन म्हटलं की आपल्याला वाटतं, एकच वायू. तसं नाही. साध्या हायड्रोजनच्या हजारोंच्या गर्दीत एखादा जड भाऊ लपून बसलेला असतो. रंग नाही, वास नाही, जळतो तसाच, वागतो तसाच. फरक काय तो वजनाचा. जड भाऊ दुप्पट भरतो. हा जड हायड्रोजन वेगळा काढला की औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळांना तो हवा असतो, वाट बघत बसतात त्याची. पण काढायचा कसा? चाळावा तर दोघांचा आकार सारखा. मग माणसांनी युक्ती काढली. डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतक्या बारीक भोकांची एक भिंत करायची आणि दाबाने गॅस तिच्यावर सोडायचा. हलका असतो तो चपळ, तो झटकन पलीकडे निसटतो. जड मागे रेंगाळतो. एका भिंतीनं फार साधत नाही, थोडंसंच साधतं. म्हणून मागे उरलेला गॅस पुढच्या भिंतीकडे, तिथून त्याच्या पुढच्या, असं करत करत नेतात. शेवटच्या टोकाला मग जड भाऊ गोळा होतात.

भिंत म्हणजेच या नळ्या. हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, खडूसारख्या पांढऱ्या. नव्वद नळ्यांचा एक संच. त्यातल्या एका नळीत जरी वाजवीपेक्षा मोठं भोक राहिलं, तरी हलका आणि जड दोघे गळ्यात गळे घालून तिथून निघून जातात, आणि मागच्या नळ्यांनी केलेली मेहनत पाण्यात जाते. अशी भोकं दहा-बारा नळ्यांत एकीला असायचीच. मातीच ती, भट्टीच ती. भोक असणं हा गुन्हा नव्हता, ते हुडकून काढायला तर ताई होती.

हुडकण्याची रीत अशी. नळीची दोन्ही टोकं रबरी बुचांनी बंद करायची, एका बुचातून हवा आत सोडायची आणि नळी काचेच्या टाकीत स्पिरिटाखाली अडकवायची. स्पिरिट सगळ्या भोकांत शिरून बसतं. मग हवेचा दाब मुंगीच्या पावलानं वाढवत न्यायचा. जे भोक सगळ्यांत मोठं, तिथलं स्पिरिट सगळ्यांत आधी माघार घेतं आणि तिथून पहिला बुडबुडा सुटतो. ठरलेल्या आकड्याच्या आत सुटला तर नळी बाद. त्यापुढे गेली तर पास. टाकीच्या मागे दिवा, पुढे ताईचे डोळे, आणि खोलीत चिडीचूप. बुडबुडा मोहरीएवढाही नसायचा. तो दिसला की ताई म्हणायची, "आला." दुसरा शब्द नाही.

त्या वेळी भट्टीदादा भिंतीकडे तोंड करून उभा असायचा.

भट्टीदादा म्हणजे नळ्या भाजणारा. बावीस वर्षं तो ताईच्या जोडीला होता. ट्रेमध्ये नळ्या घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, "आपल्या पोराचा निकाल आपण वाचू नये. मास्तरणीनं वाचावा." बावीस वर्षांत त्यानं एकदाही टाकीत डोकावून पाहिलं नाही. "आला" ऐकलं की मान हलवायचा, आकडा विचारायचा आणि बाद नळी स्वतःच्या हातानं बाद पेटीत ठेवायचा. पेटीत टाकायचा नाही हं, ठेवायचा.

ताईचा एक हट्ट होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. नियम होता हातमोजे घालायचा. भिंतीवर पाटी होती, खाली सही होती. ताई हातमोजे घालायची नाही. "मोज्यातून काय डोंबल कळतंय?" म्हणायची. नळी टाकीत सोडण्याआधी ती डाव्या हातात धरायची, दादाची खूण असलेल्या टोकापासून चार बोटांवर अंगठा टेकवायची आणि उजव्या हातानं नळी गोल फिरवत कानाशी न्यायची, मग उजेडाशी. अंगठ्याखाली खरखर लागली की सांगायची, "ही नाही टिकायची," आणि दहातल्या आठ वेळा तिचं खरं व्हायचं. मग कोण बोलणार तिला? विभागाच्या मॅडम पाटीकडे बघायच्या, ताईच्या हाताकडे बघायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. वरच्या साहेबांना निकालांची वही दाखवायची वेळ आली की मात्र ताईचीच वही न्यायच्या. त्या वहीत सव्वीस वर्षांत एक चूक निघाली नव्हती.

तिचं आणखी एक वाक्य ठरलेलं होतं. "घरचं घरी, इथलं इथे." कुणी डबा खाताना सासूचं गाऱ्हाणं काढलं की ही मान हलवून म्हणायची, "घरचं घरी गं बाई." लेकीचं लग्न मोडलं तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी वेळेवर टाकीशी होती. माणसं म्हणायची, हिच्या काळजाला भोकंच नाहीत. ताईच्या कानावर आलं तेव्हा ती हसली होती. मनात लागलं असणार, पण दाखवेल तर ताई कसली.

तिचा नवरा लिफ्टमिस्त्री होता. मोठा गमत्या माणूस. लिफ्ट बंद पडून आत माणसं अडकली की बाहेरून त्यांना कोडी घालायचा, म्हणजे ती घाबरायची नाहीत. त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. तरी जीभ शाबूत होती. "दुनियेला वर-खाली करत आलो," म्हणायचा, "आता साली स्वतःची कूस बदलायला माणूस लागतोय." चार महिने अंथरुणाला खिळला. दुसऱ्याच महिन्यात पाठीला जखमा धरल्या. डॉक्टरांनी घट्ट, पिवळसर, मेणचट मलम दिलं. रोज सकाळी सहा वाजता ताई त्याला कुशीवर वळवायची, पाठ कोमट पाण्यानं पुसायची आणि मलम लावायची. आधी लाकडी पट्टीनं लावत होती. तो कळवळला. "पट्टी नको गं, टोचते. तुझ्या अंगठ्यानं लाव." मग अंगठ्यानं. जखमेच्या कडेकडेनं, दाब न देता. नळीवर फिरायचा तोच अंगठा. मग दोनदा साबण लावून हात धुवायचे, लेकीच्या ताब्यात त्याला द्यायचं आणि कामावर. लेक घरी बसून भाषांतरं करायची, तिनं बापाचं दिवसाचं सगळं पाहिलं.

कामावर ताईनं यातलं अवाक्षर काढलं नाही. दादाला मात्र नवरा आजारी आहे एवढं ठाऊक होतं. एकदा नळी अडकवताना तिच्या हातून बूच खाली पडलं आणि तो हळूच म्हणाला, "ताई, चार दिवस रजा घ्या ना. नळ्या कुठं पळून जात नाहीत."

"घरचं घरी, दादा," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीकडे बघा."

नवरा गेला. ताई आठ दिवसांनी परत आली आणि टाकीशी बसली. टेबल पुसलेलं होतं, स्पिरिट बदललेलं होतं, दिव्याची काच धुतलेली होती. कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती.

यानंतर पाचव्या आठवड्यात नवा संच चालू झाला. रीतीप्रमाणे नव्वद नळ्या बसवल्या, दोन दिवस तीनशे अंशांवर तापवून आतला ओलावा घालवला आणि गॅस सोडला. शेवटच्या टोकाला जड हायड्रोजन गोळा व्हायला हवा होता. होईना. मोजलं, पुन्हा मोजलं, मोजायचं यंत्रच बदललं. जे एका बाजूनं शिरत होतं तेच दुसऱ्या बाजूनं निघत होतं. संच उघडून एकेक नळी तपासायला दहा दिवस गेले. चार नळ्या गळक्या निघाल्या.

त्या चार नळ्या ताईच्या टेबलावर आल्या तो शुक्रवार होता. मॅडम जातीनं आल्या होत्या. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आला," ताई म्हणाली. आकडा अर्ध्यावरही गेला नव्हता.

दुसरी नळी. "आला." तिसरी, चौथी. मॅडमनी पट्टी लावून मोजलं. चारही नळ्यांत भोक खुणेच्या टोकापासून सात सेंटिमीटरवर होतं, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे. मॅडमनी पट्टी खाली ठेवली आणि दादाला विचारलं, "तुमच्या भट्टीत नळ्या ज्या टेकूंवर आडव्या ठेवता, ते टोकापासून किती अंतरावर असतात?"

दादा वळला. "सात सेंटिमीटर," म्हणाला.

"आणि ते टेकू तुम्ही कधी बदलले?"

"सात महिने झाले. जुने झिजले होते. मीच घडवले नवे."

"कुणाला विचारून?"

बावीस वर्षं भट्टी सांभाळणाऱ्याला टेकू बदलायला विचारावं लागतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. मॅडम वाईट बाई नव्हत्या, सरळ हिशेबानं चालणाऱ्या होत्या. त्यांनी सरळ हिशेब मांडला. ताईंच्या वहीत या चारही नळ्या पास आहेत. ताईंची वही चुकत नाही. म्हणजे तपासणीच्या वेळी भोकं बंद होती आणि संच तापवल्यावर उघडली. म्हणजे भाजताना नळी टेकूला चिकटली, तिथं आतून कच्ची राहिली. सोमवारी याचा कागद होईल. दादांना भट्टीवरून काढून भांडारात बसवावं लागेल. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, ते तिथं काढावेत.

ऐकणाऱ्याला कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. दादालाही नव्हती. मॅडम गेल्यावर तो ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "चिकटले असतील हो ताई. माती नवीन होती टेकूंची. माझ्या लक्षात यायला हवं होतं. नव्वद नळ्यांचं वाटोळं केलं मी." त्याचा आवाज इतका पडलेला ताईनं कधी ऐकला नव्हता. तिला म्हणावंसं वाटलं की असं नसेल, पण वही तिचीच होती. वही खोटी आहे असं ती कशी म्हणणार?

शनिवारी संध्याकाळी ताईनं औषधांचा खण आवरायला काढला. दोन महिने तिचा हात तिकडे वळला नव्हता. गोळ्यांची पाकिटं वेगळी केली, पट्ट्या वेगळ्या केल्या, आणि तळाशी ती मलमाची ट्यूब हाताला लागली. खालून व्यवस्थित गुंडाळत आणलेली, अर्धी उरलेली. झाकण उघडून तिनं वास घेतला. मग उगाचच, काही कारण नसताना, थोडं मलम अंगठ्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या पाठीवर कडेकडेनं फिरवलं. तिला रडू आलं. मोकळं रडून घेतलं बिचारीनं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग उठली, साबणानं दोनदा हात धुतले आणि प्यायला पाणी घेतलं.

पेला खाली ठेवताना त्याच्यावर अंगठ्याचा ठसा दिसला. धुरकट, तेलकट. दोनदा साबण लावल्यावरही.

तिनं पेला पुसला, तिसऱ्यांदा हात धुतले आणि पेला डाव्या हातात धरून गोल फिरवला. सव्वीस वर्षांची सवय, फिरवून उजेडाशी नेला. काचेवर अंगठ्याच्या वाटेनं एक पुसट पट्टा उमटला होता.

खाली बसायला खुर्चीसुद्धा तिनं चाचपडत शोधली. चार बोटं. तिनं डाव्या हाताची चार बोटं टेबलावर टेकवली आणि शिवणाच्या डब्यातली पट्टी काढून मोजली. सात सेंटिमीटर. मेणचट मलम स्पिरिटाला दाद देत नाही. मोठं भोक त्या पट्ट्यात आलं की मलम त्याला बूच लावणार, नळी पास होणार. पुढे तीनशे अंशांत मलम जळून जाणार आणि भोक मोकळं होणार. बाकी कुठलंही भोक तिच्या डोळ्यांतून सुटलं नव्हतं. सुटली ती तिच्या स्वतःच्या अंगठ्याखालची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि वर चोर सोडून संन्याशाला फाशी.

लेक आत आली तेव्हा आई पट्टी हातात घेऊन बसलेली. ताईनं तिला सगळं सांगितलं. लेक शहाणी, तिला लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर ती चिडली.

"आई, कुणाला कळणार आहे? तुझ्यावर कुणाचा संशय तरी आहे का?"

"नाही. तेच तर."

"सांगितलंस तर टाकीवरून उठवतील तुला. सव्वीस वर्षांची वही एका दिवसात रद्दी होईल. आणि ते काका भांडारात बसले तर काय आभाळ कोसळणार आहे? चौदा महिन्यांचा तर प्रश्न."

"भट्टी काढून घेतली तर चौदा दिवस जगायचा नाही तो माणूस," ताई म्हणाली. "आणि त्याला आता खरंच वाटायला लागलंय की त्यानंच केलं."

मग लेकीला जे खरं टोचत होतं ते बाहेर आलं. "म्हणजे आता कागदावर असं लिहिलं जाणार की बाबांना मलम लावलं म्हणून हे सगळं झालं. आपण त्यांच्यासाठी जे केलं ते आता चूक म्हणून लिहिणार ती माणसं. तुला चालेल हे?"

हे ताईच्या वर्मी लागलं. तिला ते चालणार नव्हतं. त्या चार महिन्यांत तिला काहीच वाचवता आलं नव्हतं, एवढी एकच गोष्ट धड करता आली होती. सकाळी सहा वाजता, कडेकडेनं, दाब न देता. आता तीही चौकशीच्या कागदावर जाणार होती. तिनं ट्यूबचं झाकण घट्ट लावलं आणि ती पदराला पुसून पर्समध्ये ठेवली.

"मलम चुकलं नाही गं," ती म्हणाली. "मोजे घातले नाहीत ते चुकलं."

सोमवारी ती तासभर आधी कामावर गेली आणि वही काढून बसली. बाद झालेल्या प्रत्येक नळीपुढे भोकाचं टोकापासूनचं अंतर ती लिहीत असे, कुणी सांगितलेलं नसताना. बोट फिरवत ती मागे मागे गेली. मलम सुरू होण्याआधीच्या पानांवर भोकं सगळीकडे होती, सात सेंटिमीटरवरही होती. त्यात दादाचे नवे टेकू बसल्यावरचे दोन महिनेही होते. तिथं सातवर ना जास्त होती ना कमी. मलमाच्या महिन्यांत सहावर होती, आठवर होती, सातवर एकही नव्हतं. टेकू दोषी असते तर तिथं भोकांची रांग लागायला हवी होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मॅडम कागद घेऊन आल्या. दादा आला, धुतलेला सदरा घालून, जणू निरोपालाच. भट्टीच्या किल्ल्या त्यानं आधीच काढून हातात धरल्या होत्या.

"मॅडम, सही थांबवा," ताई म्हणाली. "मला एक नळी तपासायची आहे."

बाद पेटीतून तिनं जुनी नळी काढली, वहीत बघून, सातवर भोक असलेली. टाकीत सोडली. दादा भिंतीकडे वळला. "आला," ताई म्हणाली, अर्ध्या आकड्याच्या आत. नळी अर्धा तास वाळवायला कपाटात ठेवली. मग पर्समधून ट्यूब काढली, अंगठ्यावर मलम घेतलं, उजव्या हाताच्या पाठीवर फिरवलं. नळावर जाऊन दोनदा साबण लावून हात धुतले. परत येऊन नळी डाव्या हातात धरली, चार बोटांवर अंगठा, गोल फिरवून कानाशी, उजेडाशी. टाकीत सोडली.

दाब वाढत गेला. अर्धा आकडा गेला. पाऊण गेला. ठरलेली रेघ आली आणि मागे पडली.

"पास," ताई म्हणाली.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "हे कसलं मलम?"

"माझ्या नवऱ्याचं. पाठीला जखमा होत्या, रोज सकाळी लावत होते. तीन महिने." तिनं वही उघडून पुढे सरकवली आणि ते रिकामं अंतर दाखवलं. "टेकूंचा काही दोष नाही. दादांचा तर नाहीच."

"तुम्ही हातमोजे घातले नव्हते?"

"सव्वीस वर्षांत कधी घातले नाहीत, मॅडम. तुम्हालाही ठाऊक आहे."

मॅडमनी पाटीकडे पाहिलं. खाली त्यांचीच सही होती.

"अजून अर्धंच दाखवलंय," ताई म्हणाली. "दादा, भट्टी तीनशेवर आणता का?"

दादानं हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. मग नळी घेतली आणि गेला. तापून निवायला दुपार झाली. तो नळी ट्रेमध्ये घेऊन परत आला, टेबलावर ठेवली आणि सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. या वेळी ताईनं पाटीखालच्या खोक्यातून हातमोजे काढले. कोरे करकरीत होते, बोटं आत शिरेनात. ते घालून तिनं बुचं लावली, नळी अडकवली आणि दाबाचं चाक हळूहळू फिरवायला घेतलं.

बुडबुडा आला. मोहरीएवढाही नाही, सात सेंटिमीटरवर, जिथं यायचा तिथंच. तो नळीला क्षणभर चिकटून राहिला आणि सुटून वर गेला. मागून दुसरा, मग तिसरा. ताईला तो दिसला. सगळ्यांत आधी तिलाच दिसला. पण तोंडातून शब्द फुटेना. ओठ हलले आणि डोळ्यांपुढे टाकीच वितळल्यासारखी झाली. खोलीत चिडीचूप. ताईनं म्हटल्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही रीत, मॅडम पेन धरून थांबलेल्या.

भिंतीकडून आवाज आला, "आला का, ताई?"

ताईनं मान हलवली, पण भिंतीला ती कशी दिसणार?

मग दादा वळला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो टाकीशी आला, ताईच्या खांद्याशेजारी उभा राहिला आणि वाकून आत पाहिलं. बुडबुड्यांची बारीक माळ वर जात होती. तो ती बराच वेळ बघत राहिला.

"आला," तो म्हणाला.

मॅडमनी आकडा लिहिला.

कागद दुसरा झाला. ताईला टाकीवरून उठवलं. उठवायलाच हवं होतं, आणि तीच तसं म्हणाली. तिला बुचं आणि टाक्या धुण्याच्या खोलीत बसवलं, टाकीवर नवी मुलगी घ्यायचं ठरलं, आणि मलमाच्या महिन्यांतली तिची सगळी पानं लाल शाईनं आडवी मारली. त्या महिन्यांतल्या नळ्या तापवून पुन्हा तपासायच्या, म्हणजे भट्टीला दोन महिन्यांचं जादा काम. दादानं किल्ल्या परत कमरेला लावल्या.

त्या संध्याकाळी पर्स उचलून ती निघाली तेव्हा तो भट्टीच्या दाराशी उभा होता. ताईला वाटलं, हा आता रागावणार, आणि रागवावं त्यानं. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत त्यानं स्वतःला काय काय म्हणून घेतलं असेल कोण जाणे.

"दादा, माझ्यामुळे तुम्हाला..." ती म्हणाली.

दादानं हातानंच थांबवलं. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? त्या मलमानं त्यांना आराम पडायचा का?"

ताईला आधी प्रश्नच कळला नाही. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. कसे गेले विचारलं होतं, किती दिवस आजारी होते विचारलं होतं.

"पडायचा," ती म्हणाली. "लावून होईस्तोवर डोळा लागायचा त्यांचा."

"मग झालं," दादा म्हणाला, आणि भट्टी बंद करायला आत गेला.